सेप्तेम्व्री ते दोब्रिनिश्ते: बल्गेरियाच्या खेड्यांमधून जाणारी नॅरोगेज

बल्गेरियाचा ग्रामीण भाग आणि साम्यवादी राजवटीने तिथे मागे ठेवलेल्या खुणा एका दिवसात पाहायच्या असतील, तर मोटार भाड्याने घेण्याआधी थोडं थांबा. सेप्तेम्व्री या जंक्शनवरून दोब्रिनिश्ते या डोंगरातल्या शेवटच्या स्टेशनापर्यंत एक नॅरोगेज गाडी जाते. अंतर १२५ किलोमीटर, रुळांची रुंदी ७६० मिलिमीटर आणि वेळ जवळपास पाच तास. सरासरी काढली तर ताशी पंचवीस किलोमीटर. बल्गेरियन रेल्वेच्या यादीत या मार्गाचा क्रमांक १६ आहे.

ही पर्यटकांसाठी सजवलेली गाडी नाही, हे आधी नीट समजून घ्या. गाडीत माहिती सांगणारं कोणी नसतं, खानपानाचा डबा नसतो, जागा राखून ठेवायची सोय नसते. दवाखान्यात, बाजारात, शाळेत जाणारी माणसं तिने रोज ये-जा करतात. वाटेतल्या काही वस्त्यांना हिवाळ्यात रस्त्यापेक्षा रुळांचाच भरवसा जास्त वाटतो. आमच्या मते या सेवेचं खरं मोल इथेच आहे. गाव पाहायला खास वेगळं कुठे जावं लागत नाही, ते पिशव्या घेऊन शेजारी येऊन बसतं.

सोफियाहून सेप्तेम्व्री १०३ किलोमीटरवर, प्लोव्हदिवकडे जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावर आहे. बहुतेकांचा दिवस बिघडतो तो इथेच. मुख्य मार्गावर बरीच वर्षं नूतनीकरणाची कामं चालू असल्याने सोफियाकडून येणाऱ्या गाड्या उशिरा पोचणं नेहमीचं आहे. नॅरोगेजची गाडी त्यांच्यासाठी कधी थांबते, कधी थांबत नाही, आणि त्यावर विसंबणं धोक्याचं, कारण शेवटपर्यंत जाणाऱ्या गाड्या दिवसाला मोजक्याच असतात. एक चुकली तर पुढची कित्येक तासांनी. म्हणून दोन गाड्यांच्या मध्ये निदान पाऊण तास ठेवा. सकाळची गाडी पकडायची असेल तर आदल्या रात्री प्लोव्हदिव किंवा पाझार्जिकला मुक्काम करणं सोयीचं, तिथून सेप्तेम्व्री जवळ पडतं. वेळापत्रक दर डिसेंबरच्या मध्याला बदलतं. त्यामुळे गेल्या वर्षीच्या प्रवासवर्णनातल्या वेळा उतरवून घेऊ नका, रेल्वेच्या संकेतस्थळावर निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहा.

स्टेशनावरच्या पाट्या सिरिलिक लिपीत असतात. ‘झामिनावाने’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘प्रिस्तिगाने’ म्हणजे येणाऱ्या, ‘कोलोवोझ’ म्हणजे रुळाचा क्रमांक. एवढे तीन शब्द सिरिलिकमध्ये ओळखता आले तरी पुरतं. छोट्या थांब्यांवर स्टेशनाचं नावही फक्त सिरिलिकमध्येच सापडेल. त्यामुळे उतरायच्या गावाचं नाव त्या लिपीत कागदावर लिहून जवळ ठेवा.

तिकीट खिडकीवर सहज मिळतं. ‘एदिन बिलेत दो बान्स्को, मोल्या’ म्हटलं की झालं: बान्स्कोचं, म्हणजे शेवटाच्या अलीकडच्या स्कीच्या गावाचं, एक तिकीट, कृपया. परतीचंही हवं असेल तर ‘ओतिवाने इ व्राश्ताने’. ज्या थांब्यावर खिडकी नाही किंवा बंद आहे, तिथून चढल्यास कंडक्टर गाडीत तिकीट देतो. भाडं इतकं कमी आहे की पूर्ण पल्ल्याचं एकेरी तिकीट पाच युरोंच्या आत बसतं. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियाचं चलन युरो आहे, लेव्हा व्यवहारातून गेला. जुन्या माहितीत लेव्हामधला दर दिसला तर १.९५५८३ ने भागा, हा दर कायमचा ठरलेला आहे. कोणी सुट्टे म्हणून लेव्हाच्या नोटा हातावर ठेवू लागलं तर घेऊ नका. रोख युरो, त्यातही पाच-दहाच्या नोटा आणि नाणी, जवळ हवीतच. कंडक्टरकडे पन्नासची मोड बहुधा नसते.

आणखी एक गोंधळ टाळा. बल्गेरियात ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात आणि ‘नाही’ म्हणताना डोकं वर झटकतात किंवा उभं हलवतात. परदेशी माणसाशी बोलताना काहीजण मुद्दाम उलट करतात, मग घोळ आणखी वाढतो. ‘ही गाडी बान्स्कोला जाते का?’ असं विचारलं तर मानेकडे पाहू नका, ‘दा’ की ‘ने’ ते कानांनी ऐका.

हा मार्ग साम्यवाद्यांनी बांधला असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. काम सुरू झालं १९२० च्या सुमारास, पंतप्रधान स्तांबोलिस्की यांच्या शेतकरी सरकारच्या काळात. त्या सरकारने १९२० मध्ये सक्तीच्या श्रमसेवेचा कायदा केला होता आणि त्याखाली भरती झालेल्या तरुणांनी इथले कडे फोडले. रुळ १९२६ मध्ये आजच्या वेलिनग्रादपर्यंत, १९४३ मध्ये बान्स्कोपर्यंत आणि डिसेंबर १९४५ मध्ये दोब्रिनिश्तेपर्यंत पोचले. म्हणजे सत्तापालट झाला ९ सप्टेंबर १९४४ ला आणि नव्या राजवटीच्या वाट्याला शेवटचे सहा किलोमीटर आले. पुढे नेव्रोकोपपर्यंत, म्हणजे आजच्या गोत्से देल्चेवपर्यंत न्यायचा बेत होता, तो कागदावरच राहिला.

साम्यवादी राजवटीचा ठसा रुळांपेक्षा नावांवर जास्त आहे आणि त्याची सुरुवात पहिल्याच पाटीपासून होते. सेप्तेम्व्रीचं आधीचं नाव सारान्योवो. सप्टेंबर १९२३ मध्ये साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखाली जो उठाव झाला आणि चिरडला गेला, त्याची आठवण म्हणून गावाला महिन्याचंच नाव मिळालं. पहिलं मोठं शहर वेलिनग्राद, ते तर नावासकट नवं. कामेनित्सा, लाजेने आणि चेपिनो ही तीन गावं १९४८ मध्ये एकत्र करून ते घडवलं आणि वेला पेएवा या तरुणीचं नाव त्याला दिलं. ती कामेनित्साची. जंगलात लपून लढणाऱ्या तुकडीत होती आणि मे १९४४ मध्ये, म्हणजे राजवट बदलायच्या चार महिने आधी, बावीस वर्षांची असताना मारली गेली. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट गेल्यावर देशात कितीतरी नावं बदलली, पुतळे उतरवले गेले. ही दोन नावं मात्र टिकली. गाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांचा अर्थ विचारून पाहा. कोण कोणत्या सुरात उत्तर देतो, त्यावरून गेल्या शतकाबद्दल पुष्कळ काही कळतं.

सेप्तेम्व्री सुटलं की थोडा वेळ सपाट शेतं. मग वारवारा येतं. इथून पाझार्जिकला जाणारा नॅरोगेजचा फाटा २००२ मध्ये बंद झाला. त्यानंतर गाडी चेपिन्स्का नदीच्या घळीत शिरते. नदी कधी डाव्या हाताला, कधी उजव्या, त्यामुळे या टप्प्यात कुठेही बसलात तरी चालेल. मोबाइलचं नेटवर्क घळीत जातं, नकाशा आधीच उतरवून ठेवा. कोस्तान्दोवो हे हातमागाच्या गालिच्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथून पुढे ओंडक्यांचे ढीग आणि लाकूड कापायचे कारखाने दिसू लागतात. या मार्गाचं पोट एकेकाळी लाकडावरच भरायचं. मालगाड्या २००३ मध्ये थांबल्या आणि तेव्हापासून ‘हा मार्ग तोट्यात आहे’ हे वाक्य त्याच्या मागे लागलं. निव्वळ उतारूंच्या भाड्यावर डोंगरातले रुळ कुठेच चालत नाहीत, इथेही सरकारी अनुदानावरच गाडी धावते.

वेलिनग्रादला दोन स्टेशनं आहेत. बाजार, बसस्थानक आणि बहुतेक हॉटेलं मुख्य स्टेशनापासून जवळ. क्लेप्तुझा हा मोठा झरा पाहायचा असेल तर तो चेपिनो भागात आहे, त्यासाठी पुढचं ‘वेलिनग्राद-युग’, म्हणजे दक्षिण, हे सोयीचं. गरम पाण्याच्या झऱ्यांवर उभं राहिलेलं हे आरोग्यधाम साम्यवादी काळात कामगार संघटनांच्या विश्रामगृहांमुळे वाढलं. कारखान्यातल्या कामगाराला स्वस्तात इथे पाठवलं जाई. आज त्यांतल्या काही इमारती चकचकीत हॉटेलं झाल्या आहेत आणि काही खिडक्या फुटलेल्या अवस्थेत झाडीत उभ्या आहेत. प्रवास दोन दिवसांत विभागायचा असेल तर मुक्काम इथेच करा. एका दमात पाच तास बाकावर बसणं सगळ्यांना झेपत नाही.

आता या सेवेचं सोनं. वेलिनग्राद ते चेर्ना मेस्ता हा टप्पा युरोपातल्या कुठल्याही डोंगरी रेल्वेच्या तोडीचा आहे आणि त्यासाठी बाकी सगळं सोसायला हवं. सेप्तेम्व्री समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटरवर, आव्रामोवो १२६७ मीटरवर. बाल्कनमधलं हे सर्वात उंच रेल्वे स्टेशन. चढ काही ठिकाणी हजार मीटरला तीस मीटर इतका आहे. एवढा चढ सरळ रेषेत इंजिनाला पेलत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी अंतर वाढवून चढ सौम्य केला. रुळ डोंगराला वळसा घालतात, बोगद्यात शिरतात आणि मघाशी जिथून गेलो त्याच्याच वरून पुन्हा जातात. खिडकीतून खाली पाहिलं की दहा मिनिटांपूर्वीचे रुळ दिसतात. वळणांची त्रिज्या साठ मीटरपर्यंत उतरते. एवढं आवळलेलं वळण मोठ्या रुळांवर शक्यच नव्हतं, ७६० मिलिमीटर निवडण्यामागचं कारण हेच. संपूर्ण मार्गावर ३५ बोगदे आहेत, त्यातले पुष्कळ या बाजूला.

त्स्वेतिनो ओलांडलं की शेवटच्या डब्यात जा. तीव्र वळणावर पुढचं इंजिन आणि सगळे डबे एका नजरेत येतात. फोटो काढायचे असतील तर खिडकी उघडणारा डबा शोधा, काही खिडक्या घट्ट बसलेल्या असतात. हात किंवा डोकं बाहेर काढू नका, बोगद्याच्या भिंती अगदी लगत आहेत. आव्रामोवोला गाडी थोडी थांबते. लाल टोपी घातलेला स्टेशनमास्तर गाडी सोडायचा इशारा देतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा. फलाट बुटके आणि पायऱ्या उंच, घाईत चढताना गुडघा आपटतो.

आव्रामोवो, चेर्ना मेस्ता, याकोरुदा या पट्ट्यात चर्चच्या घुमटांऐवजी मिनार दिसतात. इथले बरेच लोक पोमाक, म्हणजे बल्गेरियन भाषा बोलणारे मुसलमान. साम्यवादी राजवटीची सर्वात कडवट आठवण याच गावांमध्ये आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पोमाकांना अरबी-तुर्की नावं टाकून सरकारमान्य बल्गेरियन नावं घ्यायला लावलं. १९८४-८५ च्या हिवाळ्यात देशातल्या तुर्कांवर तीच वेळ आली आणि १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून जास्त लोक देश सोडून तुर्कस्तानात गेले. राजवट कोसळल्यावर १९९० च्या कायद्याने नावं परत घेता येऊ लागली आणि जानेवारी २०१२ मध्ये संसदेने या सक्तीचा निषेध करणारा ठराव केला. म्हणून या भागात पहिल्याच भेटीत ‘तुमचं खरं नाव काय?’ असं कोणाला विचारू नका. एकाच घरात आजोबांची कागदोपत्री तीन नावं झालेली असू शकतात. ‘दोबर देन’ म्हणून नमस्कार करा, बटाट्याचं पीक कसं आहे ते विचारा. माणसं आपणहून बोलतात. माणसांचा, विशेषतः डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

चेर्ना मेस्तानंतर गाडी मेस्ता नदीच्या खोऱ्यातून उतरते आणि आता उजव्या खिडकीची जागा धरा. आधी त्या बाजूला रिला पर्वत, मग राझलोगनंतर पिरिनची संगमरवरी शिखरं. नदीकाठच्या शेतांकडे नीट पाहिलं तर गावाबाहेर लांबलचक, बुटके, छप्पर उडालेले गोठे दिसतील. ही ‘तेकेझेसे’, म्हणजे सहकारी शेतीच्या काळातली बांधकामं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जवळपास सगळी शेतजमीन या संस्थांकडे गेली होती. १९९२ पासून त्या मोडीत काढल्या, जमीन जुन्या मालकांच्या वारसांना परत मिळाली, पण तुकड्यातुकड्यांनी आणि बहुतेक वारस तोवर शहरात राहायला गेलेले. गोठे कोणाचेच उरले नाहीत, लोकांनी कौलं आणि विटा काढून नेल्या. डोंगरउतारावरच्या लहान पट्ट्यांत तंबाखू आणि बटाटे लावलेले दिसतात. तंबाखू घ्यायला पूर्वी सरकार हक्काचं गिऱ्हाईक होतं. ते गेल्यावर लागवड आटली. स्टेशनांच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर, घरांच्या दारांवर फोटोसकट चिकटवलेले कागद दिसतील, ते मृत्यूचे ‘नेक्रोलोग’. वर्षश्राद्धालाही ते नव्याने लावतात. १९८० च्या दशकात देशाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या घरात होती, २०२१ च्या जनगणनेत ती ६५ लाखांवर आली. छोट्या थांब्यांवर कागद जास्त आणि उतरणारी माणसं कमी, असं का, ते या आकड्यांवरून कळतं.

बेलित्साला उतरून डोंगरातल्या अस्वलांच्या उद्यानात जाणारे पुष्कळ असतात. रस्त्यावर नाचवल्या जाणाऱ्या अस्वलांना सोडवून २००० पासून तिथे सांभाळलं जातं. जागा चांगली आहे, पण गावापासून दूर डोंगरात आहे आणि गाडीला जोडून बस नसते. टॅक्सी आधी ठरवा आणि परतीची वेळही त्याच वेळी पक्की करा.

डब्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ते जुने आहेत. संडास असतात, पण कागद आणि साबण आपला न्यावा. हिवाळ्यात ऊब एकसारखी नसते, काही डबे तापतात आणि काही गार राहतात. चढल्यावर आधी सगळ्या डब्यांतून एक फेरी मारून मग जागा धरा. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी आणि स्कीच्या हंगामात डबे अपुरे पडतात. सेप्तेम्व्रीला गाडी लागताच चढलात तर जागा मिळते, वेलिनग्रादला चढणाऱ्याला उभं राहावं लागू शकतं. मोठी बॅग अडचणीची, कारण डबा अरुंद आणि वरची फळी लहान. पाणी निदान दीड लिटर आणि खाणं सोबत हवंच. सेप्तेम्व्रीच्या बेकरीतून पनीर भरलेली बानित्सा आणि आयरान, म्हणजे खारट ताक, घेऊन ठेवा. शाकाहारी माणसाला यापेक्षा भरवशाचं दुसरं काही वाटेत मिळणार नाही, मात्र बानित्सामध्ये बहुधा अंडं असतं. वळणं लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, वेलिनग्राद ओलांडल्यावर घेऊन उपयोग होत नाही.

इंजिनं मात्र ओळखून घेण्यासारखी. १९६५-६६ मध्ये आलेली ७५ मालिका पश्चिम जर्मनीतल्या हेन्शेल कारखान्याची आहे. शीतयुद्धाच्या ऐन काळात साम्यवादी सरकारने ती भांडवलशाही देशाकडून विकत घेतली. १९८८ ची ७७ मालिका बुखारेस्टच्या कारखान्यात बनली. त्या कारखान्याचं तेव्हाचं नाव ‘२३ ऑगस्ट’, तेही एका तारखेवरून ठेवलेलं. १९४९ मध्ये पोलंडात बनलेलं ६०९.७६ हे वाफेचं इंजिन खास फेऱ्यांसाठी काढतात. त्या फेऱ्या वेगळ्या जाहीर होतात, नेहमीच्या तिकिटावर त्यात बसता येत नाही.

बान्स्कोला बहुतेक डबे रिकामे होतात. स्कीच्या गर्दीने गाव बदलून गेलं आहे, तरी चौकाजवळचं निकोला वाप्त्सारोव्ह यांचं घर जरूर पाहा. कारखान्यात राबणारा हा कवी १९०९ मध्ये इथे जन्मला आणि जुलै १९४२ मध्ये गोळ्या घालून मारला गेला. पुढच्या राजवटीने त्याला शाळाशाळांतून शिकवलं. ती राजवट गेली तरी कविता मात्र आजही वाचल्या जातात.

परतीला पुन्हा याच गाडीने येण्याचा हट्ट धरू नका. बान्स्कोहून सोफियाची बस सिमित्ली आणि ब्लागोएवग्रादमार्गे सुमारे तीन तासांत पोचवते. जाताना गाडी आणि येताना बस ही जोडी सर्वांत चांगली. उलट दिशेने करायचं झाल्यास चढ कमी जाणवतो आणि सेप्तेम्व्रीला पुढची गाडी चुकायची भीती दिवसाच्या शेवटी मानगुटीवर बसते. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी वेलिनग्राद ते बान्स्को एवढाच टप्पा घ्यावा. गुडघेदुखी असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळासोबत प्रवास करणाऱ्यांनी मात्र मोटारच घ्यावी. त्यासाठी महामार्गाचा इलेक्ट्रॉनिक टोल परवाना, म्हणजे ‘विनेत्का’, भाड्याच्या गाडीवर चालू आहे ना, ते ताब्यात घेतानाच पाहून घ्या.

बान्स्कोपुढचे सहा किलोमीटर सोडू नका. दोब्रिनिश्तेला रुळ संपतात, इंजिन सुटतं आणि परतीच्या गाडीला दुसऱ्या टोकाला लागतं. ते काम फलाटावरून नीट पाहता येतं. स्टेशनापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर गरम झऱ्याच्या पाण्याचे तलाव आहेत. टॉवेल आणि पोहायचे कपडे वरच्या पिशवीत ठेवा, आणि पाण्यात उतरण्याआधी बान्स्कोला परतणाऱ्या शेवटच्या बसची वेळ थांब्यावर वाचून घ्या.